कोयनेच्या तारांखालचा काळा खडा

सिलिकॉन कार्बाइड म्हटलं की कारखान्यातलं ग्राइंडिंगचं चाक आठवतं. ते बरोबरच आहे. अतिशय कठीण असा हा खडा बिडाच्या ओतकामाला विशेष मानवतो. देशातलं पहिलं ग्राइंडिंग व्हील बनवणारा ग्राइंडवेलचा कारखाना 1941 साली उरणजवळ मोऱ्याला निघाला. पण कोयना प्रकल्प असलेल्या पाटणच्या डोंगरात या खड्याचा मागोवा घ्यायचा तर विजेच्या वाटेनं जावं लागतं.

त्याचा जन्मही विजेतूनच झाला. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी माती आणि कोक यांच्या मिश्रणातून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा चमकदार कठीण कण हाती आले. चारच वर्षांत त्यांचा कारखाना नायगारा धबधब्याच्या स्वस्त विजेपाशी गेला.

1962 साली कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हा जगभरच्या स्विचयार्डांत आकाशातल्या विजेपासून यंत्रं वाचवायचं काम याच पदार्थाकडे होतं. कर्मचारी ज्याला ‘एलए’ म्हणतात तो लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे चिनी मातीचं उभं नळकांडं. आत एकावर एक चकत्या. चकती म्हणजे मातीत मळून भाजलेले सिलिकॉन कार्बाइडचे दाणे. नेहमीच्या व्होल्टेजला त्या प्रवाहाला बऱ्यापैकी अडवतात. तारेवर वीज कोसळली की त्यांचा विरोध एकदम घसरतो आणि सगळा लोळ जमिनीत उतरतो. मात्र नुसत्या चकत्यांतून एरवीही प्रवाह वाहतच राहिला असता, म्हणून जोडीला ठिणगीच्या फटी ठेवाव्या लागत. खरं दुखणं तिथंच होतं. नळकांड्याचं सील कच्चं निघालं की फटींत ओल शिरे, अरेस्टर निकामी होई, प्रसंगी फुटे. पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या कोयनानगर-नवजासारख्या भागात ओलीशी गाठ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. 1970च्या दशकाअखेर झिंक ऑक्साइडच्या चकत्या आल्या. त्यांना फटी लागत नाहीत; जुने अरेस्टर हळूहळू भंगारात गेले.

पंपांत मात्र सिलिकॉन कार्बाइडचं आसन पक्कं राहिलं. पंपाच्या दांड्याशी पाणी गळू नये म्हणून बसवलेल्या मेकॅनिकल सीलच्या दोन कड्यांपैकी एक स्थिर असते आणि दुसरी पाण्याच्या पातळ थरावर तिला घासत फिरते; वाळूमिश्रित पाण्यात सिलिकॉन कार्बाइडची कडी सहसा झिजत नाही, उष्णताही झटकन बाहेर टाकते. पंप कोरडा चालवला तर मात्र ठिसूळपणा नडतो आणि कडी तडकते.

आता तोच पदार्थ शुद्ध स्फटिकाच्या रूपात पुन्हा विजेकडे वळला आहे. 2018च्या सुमारास टेस्लानं मोटारीच्या इन्व्हर्टरमध्ये त्याचे ट्रान्झिस्टर बसवले. सिलिकॉनपेक्षा जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता सोसून, कमी वीज वाया घालवत ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतात आणि जोडतात.