नाशिकमध्ये विलीन झालेल्या दोन नगरपालिका

नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या दोन नगरपालिकांचे स्वतंत्र अस्तित्व ७ नोव्हेंबर १९८२ रोजी संपले. १८६४ पासूनची नाशिक नगरपालिका, या दोन शेजारी पालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावे एकत्र करून त्या दिवशी नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. नाशिकचा इतिहास बहुधा गोदाकाठ, पंचवटी आणि सिंहस्थाभोवतीच सांगितला जातो. त्यात या दोन पालिकांना मिळालेली जागा फारच तोकडी आहे.

नाशिकरोड रेल्वेने घडवले. मुंबईहून येणारा लोहमार्ग मूळ नाशिकपासून काही मैल आग्नेयेला गेला आणि स्थानकाभोवती, देवळालीगावाच्या शेजारी, नवी वस्ती उभी राहिली. १९२५ च्या सुमारास येथे सरकारी छापखाना सुरू झाला. तोवर इंग्लंडमध्ये छापली जाणारी हिंदुस्थानची टपाल तिकिटे नाशिकरोडला छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये नोटांचा कारखानाही आला. स्थानक आणि प्रेस यांच्या आधाराने कामगारांचे गाव वाढले. लष्करी देवळाली कॅम्प मात्र वेगळा. तिथला कारभार कटकमंडळाकडे होता आणि तो महानगरपालिकेत आला नाही. जवळचे भगूरही आपली नगरपालिका राखून राहिले.

सातपूरची वाट निराळी होती. त्र्यंबक रस्त्यावरचे, नंदिनी म्हणजेच नासर्डी नदीच्या परिसरातले हे शेतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि सातपूरच्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. गंगापूर धरणाचे पाणी जवळ होते, मुंबईचा महामार्गही फार लांब नव्हता. मायको, महिंद्र, सिएट अशा कारखान्यांमुळे बाहेरगावची कामगार कुटुंबे येथे आली आणि गावठाणाभोवती वसाहती दाटल्या. पाणी, गटारे, दिवाबत्ती आणि शाळांचा भार वाढत गेला. खेड्याची नगरपालिका आणि नगरपालिकेचा महानगराचा भाग, हे दोन्ही बदल एकाच पिढीने पाहिले.

विलीनीकरणामागचे प्रशासकीय तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. घरे एका हद्दीत, कारखाने दुसऱ्या हद्दीत आणि पाण्याचा स्रोत सामाईक असताना तीन पालिकांचा सुटा कारभार परवडणारा नव्हता. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी, अंबड, विहितगाव अशी गावेही याच ओघात शहरात आली. पेशवेकाळात राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे वास्तव्य असलेली आनंदवल्लीही त्यांतच होती.

मात्र विलीनीकरणानंतर लोकप्रतिनिधित्वाचे काय झाले, हे पाहताना नॉर्वेशी तुलना उपयोगी पडते. नॉर्वेमध्ये १८३७ च्या कायद्याने ग्रामीण भागालाही निवडून आलेल्या पालिका मिळाल्या. १९६० च्या दशकात तिथल्या पालिकांची संख्या सुमारे साडेसातशेवरून साडेचारशेपर्यंत खाली आली. लहान पालिका गेल्या, तरी नव्या मोठ्या पालिकेतही लोकांनी निवडलेली परिषद होतीच. नाशिकमध्ये तसे झाले नाही. १९८२ पासून पहिली निवडणूक होईपर्यंत महानगरपालिका प्रशासकाच्या हाती होती. १९९२ मध्ये ती निवडणूक झाली आणि शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. शहर सर्वाधिक वेगाने पसरत होते, त्याच दशकात सातपूर आणि नाशिकरोडच्या रहिवाशांना त्यांच्या घरपट्टीचा जाब विचारता येईल असा नगरसेवकच नव्हता. या विलीनीकरणातली सर्वांत मोठी उणीव हीच होय.

महानगरपालिकेच्या सहा विभागांपैकी दोन आज सातपूर आणि नाशिकरोड या नावांनी ओळखले जातात.