‘कुठून आलात?’ – पुणेकरांचा ब्लॅकबर्नमधला शनिवार

इंग्लंडला जायचे आणि फुटबॉलचा सामना पाहायचा, असे ठरवले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल किंवा आर्सेनल येते. मात्र या क्लबांच्या सामन्याचे तिकीट मिळवणे सोपे नाही. आधी क्लबचे सभासदत्व घ्यावे लागते, मग सोडतीत नाव यावे लागते आणि दोघांना शेजारच्या खुर्च्या मिळायलाही नशिबाची साथ लागते. काळ्या बाजारात जावे, तर 1994च्या कायद्यानुसार फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत विक्री हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. त्यामुळे मँचेस्टरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या मित्राने जेव्हा ‘ब्लॅकबर्नला जाऊ’ असे सुचवले, तेव्हा मी लगेच होकार दिला. तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर सहज मिळत होते. शिवाय या क्लबशी आम्हा दोघा पुणेकरांचे एक नाते होते. ते नाते थोडे अवघडही होते.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर 2010पासून पुण्यातील वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे.

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून ब्लॅकबर्नला जाणारी गाडी बोल्टनमार्गे जाते. प्रवास सुमारे तासाभराचा. वाटेत डार्वेन नावाचे छोटे स्थानक लागते. सप्टेंबर 1931मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी या डार्वेनला मुद्दाम आले होते. परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ इथल्या गिरणी कामगारांना बसली होती आणि त्यांना आपली बाजू समजावून सांगावी, असे गांधीजींना वाटत होते. हसणाऱ्या गिरणी कामगार स्त्रियांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी, हे प्रसिद्ध छायाचित्र इथलेच. लँकेशायरची समृद्धी आणि पडझड या दोन्हींशी हिंदुस्थानचा संबंध जुना आहे, हे त्या स्थानकाचा फलक पाहताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

‘आणि हे बघ,’ डार्वेन सोडल्यावर मित्र म्हणाला, ‘कुणी विचारलंच, तर मुंबईचे आहोत म्हणून सांग.’

गिरणीची शिटी आणि तीनचा ठोका

या खेळाची शनिवारी दुपारी तीनची वेळ ठरली कशी, याचे उत्तरही गिरण्यांतच आहे. 1850च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवणे बंधनकारक केले. त्यांच्याविना गिरणी चालवणे कठीण, म्हणून पुरुषांचीही सुटका होऊ लागली. हाती आलेली ही अर्ध्या दिवसाची सुट्टी पुढे फुटबॉलने व्यापली. उच्चभ्रू शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा हा खेळ कामगारांच्या हाती कधी आला, याची खूण म्हणून 1883चे वर्ष सांगितले जाते. त्या वर्षी ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या कामगारांच्या संघाने ओल्ड इटोनियन्सला हरवून एफए चषक लंडनहून उत्तरेला आणला. तो क्लब लवकरच बंद पडला. त्याच गावातील, 1875मध्ये स्थापन झालेला रोव्हर्स मात्र टिकला. 1888मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या 12 संस्थापक क्लबांपैकी सहा लँकेशायरचे होते आणि रोव्हर्स त्यांपैकी एक.

शनिवारची ती वेळ आजही जपली जाते. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. टीव्हीमुळे छोट्या क्लबांची मैदाने ओस पडतील, असा युक्तिवाद 1960च्या दशकात ज्यांनी हिरिरीने केला, ते बॉब लॉर्ड शेजारच्या बर्नली क्लबचे अध्यक्ष होते. बर्नली हा रोव्हर्सचा हाडवैरी. त्यामुळे त्यांचे श्रेय ब्लॅकबर्नमध्ये कुणी मोठ्याने देणार नाही, हा भाग वेगळा.

प्रवासाचा बेत आखणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होते, पण टीव्हीसाठी निवडलेले सामने नंतर शुक्रवारी, रविवारी किंवा शनिवारीच भलत्या वेळी हलवले जातात. म्हणून दिवस पक्का झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

घरांच्या रांगेमागचे मैदान

ब्लॅकबर्न स्थानकापासून इवूड पार्क हे मैदान दोन-अडीच किलोमीटरवर आहे. बोल्टन रोडने चालत निघालो, की निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगाचे शर्ट घातलेली माणसे गल्लीगल्लीतून येऊन मिळू लागतात. आजोबा, मुलगा, नात अशा तीन पिढ्या एकत्र चालताना दिसतात. पालखीच्या वाटेवर माणसे जशी न बोलावता जोडली जातात, तसेच काहीसे. विटांच्या बैठ्या घरांची रांग संपते आणि एकाएकी प्रचंड प्रेक्षागृह समोर उभे ठाकते. गावाबाहेर मोकळ्या माळावर नव्हे, तर वस्तीतच मैदान असणे, ही इथल्या जुन्या क्लबांची ओळख आहे.

आत शिरल्यावर नियम कडक. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी ‘डार्वेन एन्ड’ ही बाजू राखीव असते. त्यांची प्रवेशद्वारेही वेगळी. दोन मित्र दोन वेगळ्या संघांचे पाठीराखे असतील, तर एकाला गप्प बसण्याची तयारी ठेवावी लागते. घरच्या प्रेक्षकांत बसून पाहुण्यांच्या गोलावर उडी मारणाऱ्याला बाहेर काढले जाऊ शकते. 1985च्या कायद्यानुसार मैदान नजरेच्या टप्प्यात असताना मद्यपान करता येत नाही. बिअर घ्यायची ती स्टँडखालच्या ओवरीत. प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची असते, ती मात्र एका शोकांतिकेची देणगी आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने सामना पाहणाऱ्या गर्दीची चेंगराचेंगरी झाली आणि तिने अखेर 97 लिव्हरपूल पाठीराख्यांचा बळी घेतला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर सर्वांना बसण्याची सोय करणे भाग पडले.

इवूड पार्कची क्षमता 31 हजारांवर आहे. आम्ही गेलो त्या दिवशी निम्म्याच्या आसपास खुर्च्या रिकाम्या होत्या. तरीही जे पाहिले, ते टीव्हीवर कधी दिसले नव्हते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात बसल्यावर चेंडू नसलेले वीस खेळाडू दिसतात. बचावफळी एका दोरीत ओवल्यासारखी पुढे-मागे सरकते, आघाडीचा खेळाडू तीन वेळा खोटी धाव घेऊन चौथ्यांदा खरी घेतो. साधा कॉर्नर मिळाला, तरी सारा स्टँड पुढे झुकतो आणि खुर्च्यांचा एकच खडखडाट होतो.

सुवर्णकाळ आणि त्यानंतर

मध्यंतरात चीज-कांद्याची गरम पाई खाताना शेजारच्या वृद्ध गृहस्थांशी बोलणे सुरू झाले. लहानपणी वडिलांचा हात धरून ते इथे पहिल्यांदा आले होते. त्यांनी 1995ही पाहिले होते. ब्लॅकबर्नचेच पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी 1991मध्ये क्लब हाती घेतला, प्रशिक्षक म्हणून केनी डॅलग्लिश आणि आघाडीला अॅलन शिअरर यांना आणले. मोसमाच्या अखेरच्या दिवशी, 14 मे 1995 रोजी, रोव्हर्स अॅनफिल्डवर हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि अवघ्या एका गुणाने प्रीमियर लीगचे विजेतेपद या गिरणगावात आले. वॉकर 2000मध्ये वारले. त्यांच्या नावाचा स्टँड आजही आहे.

त्यानंतरची कहाणी आम्हाला ठाऊक होती. मालकी पुण्याला आल्यावर महिन्याभरातच प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस यांना हटवण्यात आले. मे 2012मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला. त्या निर्णायक सामन्यात पाठीराख्यांनी निषेध म्हणून चक्क एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली होती. मालकांच्या कुक्कुटपालन व्यवसायावरचा तो टोमणा होता. 2017मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला आणि 2018मध्ये परतला. तोटा भरून काढण्यासाठी मालकांनी मोठा पैसा ओतला, हेही तितकेच खरे. पण पाठीराख्यांची मुख्य तक्रार पैशांची नाहीच. मालक मैदानावर दिसत नाहीत, बोलत नाहीत, ही आहे.

आणि मग तो प्रश्न आलाच. ‘कुठून आलात?’ भारतातून, मी म्हणालो. ‘भारतात कुठून?’ मित्राने माझा पाय दाबला. पण ज्या माणसाने आपल्या वडिलांची आठवण आमच्यासमोर उलगडली, त्याच्याशी खोटे बोलवेना. ‘पुण्याहून,’ मी सांगितले.

ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग हसले. रागावले मात्र नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की हे गाव कसे आहे, इथे शनिवारी काय होते, हे तुमच्या शहरातल्या लोकांना माहीत आहे का? याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच होते. आपल्यासाठी ती वर्तमानपत्रातील व्यापारपानावरची एक बातमी होती. त्यांच्यासाठी तो वडिलांकडून आलेला वारसा होता. क्लबचे समभाग विकत घेता येतात, पण वारसा विकत मिळत नाही. त्यात सामील व्हायचे, तर येऊन शेजारी बसावे लागते. इंग्लंडमधील फुटबॉल क्लब परदेशी मालकांच्या हाती जात असताना तिथे वारंवार जो वाद पेटतो, त्याचे मूळ या फरकात आहे.

उत्तरार्ध सुरू झाला, तोवर अंधार पडून प्रकाशझोत लागले होते. सामना संपल्यावर त्या गृहस्थांनी दोघांशी हस्तांदोलन केले आणि निरोप घेताना म्हणाले, ‘पुढच्या वेळी याल, तेव्हा त्यांनाही घेऊन या.’

परतीच्या गाडीत मित्र बराच वेळ गप्प होता. डार्वेन मागे पडल्यावर म्हणाला, ‘बरं झालं खरं सांगितलंस.’