ऐक्याची खूण कोणती निवडावी?

गळीत हंगाम संपून ऊसतोड कुटुंबे बीड जिल्ह्यात परतली, की लग्नसराई सुरू होते. आपल्या धर्मग्रामांतही वधू-वर व त्यांचे पालक तारीख ठरविण्यासाठी येतात. अलीकडे त्यांच्यासोबत एक नवा प्रश्नही येतो. दोन लहान मेणबत्त्यांनी एक मोठी मेणबत्ती पेटविणारे, किंवा दोन रंगांची वाळू एका बरणीत ओतणारे जोडपे त्यांनी मोबाईलवर पाहिलेले असते. ‘फादर, आमच्या लग्नात हे करता येईल का?’ प्रश्न प्रामाणिक आहे; म्हणून उत्तरही नीट द्यावयास हवे.

मूळ खूण

ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचे कलम १०५७ सांगते की, विवाह वधू-वरांच्या संमतीने घडतो आणि त्यांच्याऐवजी ही संमती कोणीही देऊ शकत नाही. आई-वडील नाहीत, धर्मगुरूही नाहीत. लॅटिन परंपरेत वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या नावाने त्यांची संमती विचारतात व स्वीकारतात. म्हणूनच विधीच्या आरंभी प्रश्न येतो : तुम्ही कोणाच्याही दबावाविना, स्वखुशीने येथे आला आहात का? त्यानंतर उजवा हात हाती देऊन वचन दिले जाते. जुळलेले हात आणि सर्वांसमक्ष उच्चारलेले शब्द, हीच ऐक्याची मूळ खूण होय. अंगठी व मंगळसूत्र वचनानंतर येतात आणि त्याची साक्ष देतात.

एक कोयता की एक देह?

‘दोघे मिळून एक’ हे शब्द आपल्या जिल्ह्यात आणखी एका हिशेबात वापरले जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकण्याची घाई होते आणि कोवळ्या वयाच्या मुली बोहल्यावर चढतात. हेही एक प्रकारचे ऐक्यच. पण ते हंगामापुरते व हिशेबापुरते. प्रभू येशूने ‘एक देह’ म्हटले ते असे नव्हे. जिथे मुलीला कोणी विचारलेच नाही, तिथे वेदीपुढे कितीही मेणबत्त्या पेटविल्या तरी ऐक्य प्रकट होणार नाही. कायद्यानेही वधूचे वय १८ व वराचे २१ वर्षे पूर्ण असलेच पाहिजे.

परंपरांचे स्थान

ख्रिस्तसभा चालीरीतींच्या विरोधात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले आहे की, विवाहविधीतील स्थानिक, प्रशंसनीय चालीरीती जतन कराव्यात. केरळमधील संत थोमाच्या परंपरेतील ख्रिस्ती वराने दिलेल्या ‘मंत्रकोडी’ साडीचे धागे काढून त्यांत क्रूस असलेले मिन्नू ओवतात. फिलिपिन्समध्ये वधू-वरांभोवती दोर घालतात. पूर्वेकडील अनेक ख्रिस्तसभांत दोघांच्या मस्तकी मुकुट ठेवतात. आपल्याकडे क्रूसाचे मंगळसूत्र आशीर्वादित करून बांधले जाते. या खुणा त्या त्या समाजाच्या जीवनातून आल्या आहेत. त्यांचा अर्थ आजीलाही समजतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंगळसूत्र एकीच्याच गळ्यात पडते, वचन मात्र दोघांचे असते. म्हणून मंगळसूत्रासोबत दोघांनी एकमेकांना अंगठी देणे उचित होय. अंगठी सोन्याचीच हवी असे नाही.

मेणबत्ती व वाळूचे काय?

ऐक्य-मेणबत्तीची चाल गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाली. कॅथोलिक विवाहविधीत तिचा समावेश नाही, वाळूचाही नाही. त्याच दस्तऐवजाच्या २२व्या परिच्छेदानुसार धर्मगुरूंनीही स्वतःच्या अधिकाराने उपासनेत काही वाढवू वा वगळू नये. तेव्हा फादर ‘नाही’ म्हणाले, तर तो हेकटपणा समजू नये. स्वागत समारंभात किंवा नव्या घरातील पहिल्या प्रार्थनेच्या वेळी मेणबत्ती अवश्य पेटवावी. वधू-वरांच्या स्नानसंस्काराच्या मेणबत्त्या जपून ठेवल्या असतील, तर त्यांच्याच ज्योतीने ती पेटवावी. दोघांचे ऐक्य ख्रिस्ताच्या प्रकाशातून येते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

निवड करताना

१. आधी वधू-वरांनी एकमेकांशी निवांत बोलावे. तारीख, कपडे व मंडप नंतर.

२. संमतीचे वचन पाठ करावे व मोठ्याने, स्पष्ट म्हणावे.

३. खुणा थोड्याच असाव्यात. प्रत्येक खुणेचा अर्थ दोघांना एका वाक्यात सांगता यावा.

४. जिच्यासाठी कर्ज वा उचल घ्यावी लागेल, ती खूण सोडून द्यावी. हप्ते दोघांनाच उसाच्या फडात फेडावे लागतात.

५. विधीत काही वेगळे हवे असल्यास पत्रिका छापण्यापूर्वी धर्मगुरूंना भेटावे.

आम्ही लग्ने लावतो तेव्हा छायाचित्रकारांचे लक्ष हारांकडे व अंगठ्यांकडे असते. आमचे कान मात्र वधूच्या आवाजाकडे असतात. तो भीतीने दबलेला नसावा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यावा, एवढीच आमची प्रार्थना असते. पालकहो, तो आवाज मोकळा यावा यासाठी घरी तिला आधी विचारा, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तेही ऐका.