बोटी फ्राय चालते, वजडी चालत नाही!

माझा पुतण्या सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. आमच्या घराण्यातला हा पहिला इंजिनिअर. पहिला पगार हातात पडला तसे त्याने जाहीर केले की येत्या रविवारी सगळ्यांना हॉटेलात जेवण. सगळे म्हणजे मी, त्याची आई म्हणजे माझी वहिनी, आणि सिन्नरकडून मुद्दाम आलेली आमची थोरली आत्या. आत्याचे वय ऐंशीच्या घरात. दात थोडे, पण जीभ शाबूत. जागा सुचवली आमच्या एका तेलुगू मित्राने. ओझरच्या विमान कारखान्यातून हे गृहस्थ निवृत्त झाले. हैदराबादेहून बदलून आले ते नाशिकचेच झाले.

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना एका आडरस्त्याला हे हॉटेल आहे. नाव देत नाही. स्तंभातून कोणाची जाहिरात करण्याचा आमचा रिवाज नाही. रविवारी दुपारी दहा-पंधरा माणसे बाहेर ताटकळत उभी असतात, एवढे सांगितले तरी पुरे. त्यात लष्करी जवान असतात, कारखान्यातले कामगार असतात, दवाखान्यातल्या नर्स असतात. आत लांबलचक टेबले, पुढ्यात केळीचे पान आणि पानावर भाताचा डोंगर.

मित्राने भराभर पदार्थ मागवले. पुतण्याला त्यातली 'बोटी फ्राय' इतकी आवडली की त्याने दुसरी प्लेट मागवली. मिरे, लसूण, कढीपत्ता आणि खोबऱ्याच्या कातळ्यांवर कोरडी परतलेली, कडेने कुरकुरीत झालेली. वहिनीने एक घास खाल्ला आणि सहज विचारले, "भाऊजी, ही वजडीच ना?"

"हो वहिनी, तीच. आमच्याकडे तिला बोटी म्हणतात."

पुतण्याचा हात पानावरच थांबला.

वाचकहो, त्या थांबलेल्या हातासाठी हा लेख लिहितो आहे. हाच मुलगा घरी गेली दहा वर्षे वजडीला शिवत नाही. रविवारी वहिनी गरम पाणी आणि हळद-मीठ घेऊन वजडी धुवायला बसली की हा आधी उठून खिडक्या लावतो. शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून! पण तीच वजडी तेलुगू नाव लावून, केळीच्या पानावर, रोख पैसे मोजून समोर आली तेव्हा त्याने दोन प्लेटा खाल्ल्या. जनावर तेच आणि आतडेही तेच. मग मधे बदलले काय?

बदलली ती पाटी. आणि पाट्यांचे राजकारण साधे नसते.

आपल्याकडे 'साउथ इंडियन' म्हटले की काय डोळ्यांसमोर येते? इडली, दोसा, उडीदवडा आणि वर ठळक अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. नाशिकचा कोणताही चौक घ्या, ही पाटी दिसेलच. मुंबईत माटुंग्याला १९४२ साली सुरू झालेल्या उडुपी बोर्डिंगपासून पुढे या पाटीने मराठी माणसाच्या मनात दक्षिणेचे एक चित्र पक्के करून टाकले : दक्षिणेतला माणूस म्हणजे कपाळाला गंध आणि पानात सांबार-भात. या हॉटेलांवर माझा राग नाही. दोसा मलाही आवडतो, आणि कामगार माणसाला स्वस्तात पोटभर जेवू घातल्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्र खोटे आहे ते आहेच. रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने २०१४ साली केलेल्या पाहणीचे आकडे पाहा. पंधरा वर्षांवरील लोकांत मांसाहार करणारे तेलंगणात आणि आंध्रात ९८ टक्क्यांच्या वर, तमिळनाडूत ९७ टक्क्यांच्या वर, केरळात ९७ टक्के. कर्नाटकात, जिथे ते उडुपी आहे, तिथेही सुमारे ७९ टक्के. आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे ६०! म्हणजे ज्यांना आपण शाकाहारी समजतो ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मांस खातात. गंमत पुढेच आहे. 'शुद्ध शाकाहारी' उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेले शेट्टी बहुधा बंट समाजाचे असतात, आणि बंटांच्या घरची शान म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात भिजवलेली कोरी रोटी. गिऱ्हाइकाला एक आणि घरी दुसरे!

मग हजारातल्या मूठभरांचे जेवण साऱ्या दक्षिणेचे जेवण कसे झाले? ज्याच्या हाती पाटी, त्याचे जेवण प्रमाण. पेरियार रामस्वामींना हे फार लवकर कळले होते. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका हॉटेलच्या पाटीवर 'ब्राह्मण' हा शब्द होता. तो काढावा म्हणून १९५७ साली पेरियारांच्या द्रविड कळघमने त्या हॉटेलासमोर निदर्शने सुरू केली. ती महिनोन्‌महिने चालली, शेकडो कार्यकर्ते अटकेत गेले आणि अखेर तो शब्द पाटीवरून उतरला. एका हॉटेलची पाटी आणि एवढा खटाटोप, असे कोणाला वाटेल. पण पाटी वाचूनच माणूस ठरवतो की आत जावे की बाहेरूनच निघून जावे.

कर्नाटकात याच्या उलट एक पाटी आहे : 'मिलिटरी हॉटेल'. तिकडे मांसाहारी खानावळीला हे नाव पडले. शिपाई मांस खातो म्हणून शिपायाच्या जेवणाची ती मिलिटरी. बंगळुरात अशी जी जुनी, नावाजलेली हॉटेले आहेत त्यांतली काही मराठी घराण्यांची आहेत. जयनगरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यांतलेच. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बंगळूरची जहागीर आली. त्या काळापासून तिकडे मराठी माणसांची वस्ती आहे. या हॉटेलांत बिर्याणी 'दोन्ने'त मिळते. दोन्ने म्हणजे आपला पानाचा द्रोण. रागीमुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. तो मटणाच्या साऱ्यात बुडवून न चावता गिळायचा. शिवाय पायाचे सूप, खिम्याचे गोळे, आणि बोटीही आहेच. तंजावरच्या सरफोजी राजांच्या वेळचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आहे, आणि त्यात शाकाहारी पदार्थांबरोबर मांसाच्या पदार्थांच्याही कृती आहेत. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही दंतकथा आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. तिला पुरावा नाही. ज्याला ग्रंथाचा पुरावा आहे त्या मटणाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पण मी नाशिकच्या पानावरून फारच लांब गेलो.

त्या दिवशी पानावर सर्वांत शेवटी आले ते 'गोंगुरा मटण'. गोंगुरा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली अंबाडी! आंध्रातल्या माणसाला ती जीव की प्राण. लाल देठाची जास्त आंबट, हिरव्या देठाची कमी. पाला तेलात टाकला की क्षणात विरघळून लगदा होतो. मित्राने मर्म सांगितले की मटण आधी पूर्ण शिजू द्यायचे आणि अंबाडी मागाहून घालायची. आधी घातली तर आंबटपणामुळे मांस लवकर मऊ होत नाही. सोबत हिरवी मिरची, भरपूर लसूण आणि सढळ तेल. पहिला घास तोंडात गेल्यावर आंबट आणि तिखट एकदम अंगावर येतात, आणि मग मटणाची चव हळूहळू खालून वर येते. भाताबरोबर खातात, पण तेलंगणाच्या खेड्यात ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, असे मित्र म्हणाला. त्यांच्याकडे जोन्ना रोट्टे, आपल्याकडे भाकरी.

अंबाडी आमच्या पिढीला काय सांगायची! शेताच्या बांधावर उगवायची, कोणाला विचारावे लागत नसे. आई ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची, तेल असले तर. तिच्याच वाखाचे दोर वळून मातंग बांधवांनी गावच्या बैलांना पुरवले. पाला आमच्या पोटात आणि वाख गावाच्या कामात. शाळेच्या डब्यात अंबाडी-भाकरी असली की मी भिंतीकडे तोंड करून खात असे. आज पुतण्या खिडकी लावतो, तेव्हा मी भिंत शोधत होतो. फरक तो काय?

ही लाज आली कुठून? आपल्यातले काही शहाणे म्हणतात, बाबासाहेबांनीच हे खाणे सोडायला सांगितले. साफ चूक! १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या ढोराचे मांस. गावाने फेकलेले, हक्क म्हणून गळ्यात मारलेले, गुलामीच्या बदल्यात मिळालेले मांस. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, सोवळ्याचा नव्हे. खाटकाच्या दुकानात घामाचे पैसे मोजून आणलेल्या वजडीचा त्याच्याशी काय संबंध? उलट १९४८ च्या आपल्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात बाबासाहेबांनी आहाराच्या भेदाला अस्पृश्यतेच्या उगमाशी कसे जोडले गेले, याची चिकित्सा केली. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचे पदार्थ कृतीसह नोंदवले, तेव्हा कुठे आपल्या चुलीला पुस्तकात जागा मिळाली. त्याआधीची मराठी पाककृतींची पुस्तके चाळा. साबुदाण्याला पानेच्या पाने, आणि वजडीला एक ओळ सापडली तर शोधून सांगा.

आणि ही लाज नुसती मनातली नाही. पुतण्याला गेल्या वर्षी खोली भाड्याने हवी होती. एका वसाहतीत घरमालकाने आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा झाला नाही म्हणून पुढचा प्रश्न, "नॉनव्हेज खाता का?" मासे आणि मटण खाणारे इतर भाडेकरू त्याच इमारतीत होते. मग हा प्रश्न जेवणाचा होता की जातीचा, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या शहरात २ मार्च १९३० पासून आपली माणसे काळाराम मंदिराच्या दाराशी बसली, लाठ्या-दगड खाल्ले, त्या शहरात आज दार अडवायला पुजारी लागत नाही. नॉनव्हेजचा एक प्रश्न पुरतो. घटनेच्या १५ व्या कलमात बाबासाहेबांनी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख केला. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. भाड्याच्या खोलीतल्या पातेल्यापर्यंत मात्र कायद्याचा हात अजून पोहोचलेला नाही.

आता कोणी असे समजू नये की दक्षिणेत सगळे आलबेल आहे आणि मटण खाल्ले की जात जाते. तमिळनाडूच्या कित्येक गावांत चहाच्या टपरीवर दलितांचा पेला वेगळा ठेवण्याची चाल होती, आणि तो पेला ठेवणारे बहुतेक मांस खाणारेच होते. मांसाहारी हॉटेलांच्या पाट्या पाहा : नायडू, रेड्डी, गौंडर. त्याही जातीच्याच पाट्या! आपल्याकडेही मराठा खानावळ असते, सीकेपी जेवण असते. आपल्या चुलीचे नाव लावलेली पाटी नाशिकमध्ये मी तरी अजून पाहिली नाही. १४ एप्रिलला शेकडो माणसांचे जेवण रांधणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. हात आहे, चव आहे, गिऱ्हाईकही आहे. अडते ते पाटीवर काय लिहायचे इथे. कर्नाटकातल्या दलित संघटनांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये बंगळूर ते उडुपी मोर्चा नेला. त्यांची घोषणा दोन गोष्टींची होती : आहार आमच्या पसंतीचा आणि जमीन आमच्या हक्काची. मोर्चा नेला कुठे, तर उडुपीला! ज्या गावाच्या नावाने देशभर शुद्धतेच्या पाट्या लागल्या, त्याच गावात जाऊन त्यांनी ताटाचा प्रश्न विचारला. आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांसही बंद झाले. बकऱ्याचे मटण गरिबाला रोज परवडत नाही. मग त्याच्या हाती उरते ती मुंडी, पाया आणि वजडी, म्हणजे नेमके तेच, जे खाताना खिडकी लावायची!

तर पुतण्याचा हात थांबला होता. टेबलावर कोणी काही बोलेना. मित्र बिचारा कावराबावरा झाला. आपले काही चुकले की काय, असे त्याला वाटले. आत्याचे मात्र या कशाकडेच लक्ष नव्हते. तिने गोंगुऱ्याचा घास घेतला, डोळे मिटले, पुन्हा एक घेतला.

"ही तं आपली अंबाडी हाये रे भाऊ!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे जवान वळून पाहू लागले. "अंबाडीत मटन! आम्हाला हे कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मटन कुठं होतं म्हना."

मग ती काठी टेकत उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. आतला आचारी तेलुगू, त्याला मोडकी हिंदी येत होती. आत्याला ती तेवढीही येत नव्हती. तरी दोघांचे दहा मिनिटे बोलणे चालले. त्याने तिला अंबाडीची जुडी दाखवली. तिने देठ मोडून चाखला, मान डोलावली आणि बोटांनी विचारले, तेल किती?

परत येऊन बसली तेव्हा पुतण्याच्या पानावर बोटी तशीच पडलेली होती. "थंडगार झाली की रे," आत्या म्हणाली. "खातो का मी घेऊ?"

त्याने पान आपल्याकडे ओढले.