सदैव जागा चुंबक

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा 'वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा' असा आग्रह केला. मी चुंबक हा विषय निवडला; परंतु लिहू लागताच ध्यानात आले, की तो वैद्यकाबाहेरचा मुळीच नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सायंकाळी एमआरआयची शेवटची तपासणी आटोपली होती, यंत्राचा खडखडाट थांबला होता. रुग्णाला नेण्यासाठी वॉर्डातील सेवक लोखंडी व्हीलचेअर ढकलीत थेट दारापर्यंत आला. मी ओरडून त्याला थांबविले. तो गोंधळून म्हणाला, "पर साहब, मशीन तो बंद है!" दोष त्याचा नव्हता. आवाज थांबला म्हणजे यंत्र बंद झाले, हाच सर्वांचा अनुभव. या यंत्राची गोष्ट निराळी आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि न सांगणाऱ्यांत मीही होतो.

पट्टीचुंबकावर कागद ठेवून त्यावर लोहकीस भुरभुरविण्याचा प्रयोग शाळेत आपण सर्वांनी केला आहे. कीस ज्या वक्र रेषांत मांडला जातो, तो चुंबकीय क्षेत्राचा नकाशाच होय. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 साली मांडले. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते, हे 1820 साली ओर्स्टेड यांनी दाखविले. एमआरआयचा चुंबक या दुसऱ्या तत्त्वावर उभा आहे. निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंश सेल्सिअसला ठेवली, की त्यांचा विद्युत्-रोध नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह मग बाहेरून वीज न पुरवताही वर्षानुवर्षे फिरत राहतो. कानी पडणारा खडखडाट निराळ्या वेटोळ्यांचा असतो. तो थांबला, इतकेच काय वीज गेली, तरी मुख्य चुंबक जागाच असतो. दीड टेस्लाच्या यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे 30 हजार पट असते.

चुंबकीय क्षेत्र लोखंडावर दोन प्रकारे कार्य करते: ते वळविते आणि ओढते. क्षेत्र सर्वत्र सारखे असेल, तर वस्तूच्या दोन टोकांवरील बले समान व विरुद्ध असतात. वस्तू वळते, परंतु सरकत नाही. एका टोकाशी क्षेत्र अधिक तीव्र असेल, तरच ती तिकडे खेचली जाते. म्हणून बोगद्याच्या मध्यभागी, जेथे क्षेत्र एकसारखे असते, तेथे ओढ अल्प, पण पीळ जबरदस्त. मेंदूतील धमनीवर पूर्वी बसविलेली चुंबकीय पोलादाची क्लिप याच पिळामुळे घातक ठरते. उलट बोगद्याच्या तोंडाशी क्षेत्र झपाट्याने बदलते, म्हणून ओढ तेथे सर्वाधिक. दोन पावले मागे जी वस्तू हातात निश्चल वाटते, तीच पुढच्या पावलाला हातून निसटून उडते.

2001 साली न्यूयॉर्क राज्यात तपासणी चालू असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा, आत नेलेल्या ऑक्सिजन सिलिंडरच्या आघाताने मृत्यू झाला. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत, सिलिंडर घेऊन आत गेलेल्या रुग्णाच्या तरुण नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी सिलिंडर आत गेला, तो रुग्णाला प्राणवायू मिळावा म्हणूनच.

आपणा डॉक्टरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. बोगद्यात रुग्णाचे हृदय थांबले, तर साहित्याची ट्रॉली आत धावत नेण्याचा मोह अनावर होतो. तसे करू नये. छातीदाब लगेच सुरू करून रुग्णालाच त्वरेने खोलीबाहेर आणावे आणि पुढील उपचार तेथे करावेत. आपत्कालीन बटणाने हेलियम उडवून चुंबक निकामी करता येतो. परंतु क्षेत्र ओसरण्यास मिनिटभर तरी लागते, आणि त्या अवस्थेत मेंदूला एक मिनिटही फार मोठे असते.

त्या सायंकाळनंतर आम्ही दारावर मोठ्या हिंदी अक्षरांत पाटी लावली: 'चुंबक हमेशा चालू है'. सेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांना खिशातील किल्ली दोरीला बांधून दाराशी ओढ दाखविली. किल्ली हवेत आडवी ताणलेली पाहिल्यावर निराळे व्याख्यान द्यावे लागले नाही. आपल्या रुग्णालयात एमआरआय असेल, तर रात्रपाळीच्या सेवकाला एकदा अवश्य विचारा, की हे यंत्र बंद केव्हा असते. त्याचे उत्तर चुकले, तर ते दुरुस्त करण्याचे काम आपले आहे.