टिळकांनी सोडलेला पगार

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 साली अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. वय पंचावन्न, कवी म्हणून मोठे नाव, घरात बायकामुले. पुढे साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. दरबार म्हटले की मानकरी आणि मानपान आठवतात. इथे मात्र बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकत.

ख्रिस्ती श्रद्धेत हा त्याग कशासाठी? मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू अन्नवस्त्राची चिंता सोडायला सांगतो, कारण देव पित्यासारखा आपली गरज जाणतो. कामधंदा सोडा, असे तो म्हणत नाही. गेथशेमाने बागेत तो स्वतःची इच्छाही पित्याच्या इच्छेखाली ठेवतो. म्हणजे सोडायचा असतो तो 'माझे मीच घडवीन' हा हट्ट. त्यागाने पुण्य साठत नाही. कृपा आधीच मिळालेली असते, म्हणून हात मोकळे करता येतात.

टिळकांनी एकदा किंमत मोजली होतीच. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर जात, नातीगोती तुटली, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पण मला 1917चा निर्णय अधिक अवघड वाटतो. तेव्हा सोडायचे होते ते धर्मकार्यातलेच सुरक्षित, मानाचे स्थान. शिवाय अशा निर्णयाचा भार घरातल्यांवरही पडतो. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र त्यासाठी जरूर वाचावे. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. येशूच्या जीवनावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.