हातात कसब आहे, पण कागद कुठे आहे?



माझ्या युनिटमधला एक हवालदार मध्यंतरी भेटायला आला. व्हेइकल मेकॅनिक, वय ४०, नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारा माणूस. म्हणाला, "साहेब, ऑस्ट्रेलियाला जायचंय. एजंट म्हणतो, चार लाख द्या, सहा महिन्यांत पीआर." म्हटलं, बस, आधी चहा घे, मग हिशेब मांडू. गॅरेजमध्ये काम करणारी मुलंही मला हेच विचारतात, म्हणून तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

स्किल असेसमेंट म्हणजे व्हिसा नव्हे आणि व्हिसा म्हणजे नोकरी नव्हे. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. एजंट तिन्हींची मोळी बांधून विकतो, तिथेच माणूस फसतो.

मोटार मेकॅनिकचं असेसमेंट तिथली 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' ही सरकारी संस्था करवून घेते. आधी कागद तपासतात, मग इंग्रजीत तांत्रिक मुलाखत. ब्रेक, क्लच, स्कॅनर हे आपल्या मुलांना पाठ असतं. मुलं अडतात ती कागदांवर. गॅरेजमध्ये उस्तादाकडून पगार रोख मिळतो, ना स्लिप ना बँकेत नोंद. मग दहा वर्षं काम केलंत हे सिद्ध कशानं करणार? म्हणून आजपासून पगार बँकेतूनच घ्या. अनुभवाच्या पत्रात तारखा, आठवड्याचे तास आणि कोणकोणती कामं केलीत हे सविस्तर लिहून घ्या. "मेहनती व प्रामाणिक आहे" एवढ्यावर भागत नाही. स्वतःचं गॅरेज असेल तर बिलं आणि आयकराचे कागद जपा. फौजीलाही हेच लागू. डिस्चार्ज बुकात ट्रेड लिहिलेला असतो, पण इंजिन किती उघडली ते त्यात नसतं.

आता गुण. १९० म्हणजे राज्याच्या शिफारशीचा आणि ४९१ म्हणजे महानगरांबाहेरच्या भागाचा व्हिसा. दोन्हींसाठी किमान ६५ गुण लागतात आणि निमंत्रण येईल तेव्हा वय ४५च्या आत हवं. आमच्या हवालदाराला वयाचे १५, ट्रेड सर्टिफिकेटचे १०, आठ वर्षांच्या अनुभवाचे १५ गुण धरले. (नोकरी वीस वर्षांची असली तरी १५च्या वर मिळत नाहीत.) झाले ४०. ४९१चे १५ मिळवून ५५. आयईएल्टीएसमध्ये चारही भागांत ६ असतील तर अर्ज करता येतो, पण त्याचे गुण शून्य. चारही भागांत ७ आणले तर १०, म्हणजे कसेबसे ६५. बायकोला ६ मिळाले तर आणखी ५. उलट २८ वर्षांच्या, पाच वर्षं अनुभव असलेल्या मुलाला वयाचेच ३० मिळतात. त्याचे ३०, १०, १० आणि ४९१चे १५ मिळून इंग्रजीच्या गुणांशिवायच ६५ होतात. पण ६५ म्हणजे फक्त फाटक उघडलं, निमंत्रणाची हमी नव्हे. बरं, ४९१ही तात्पुरता, पाच वर्षांचा. तीन वर्षं तिकडे राहून अटी पाळल्यावर कायमचा मागता येतो.

दुसरा रस्ता मालकाच्या स्पॉन्सरशिपचा. त्याबद्दल कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. स्पॉन्सरशिपची खरेदी-विक्री हा ऑस्ट्रेलियात कायद्यानं गुन्हा आहे. तिथल्या नोंदणीकृत सल्लागाराला क्रमांक असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. हवालदारानं एजंटला त्याचा क्रमांक विचारला. त्या दिवसापासून एजंट फोन उचलत नाही.

चार लाख वाचले. त्यातले थोडे इंग्रजीच्या क्लासला गेले. पहिल्या परीक्षेत ऐकण्यात ७ आले, लिहिण्यात साडेपाच. आता रोज संध्याकाळी एक निबंध लिहून मला पाठवतो. कालचा विषय होता, शहरातली वाहतूक. मजकूर चोख होता, स्पेलिंग सात चुकली होती.